पडद्यावरील रकाने आणि देवनागरी : टर्मिनलच्या वाटचालीचा खानदेशातून घेतलेला वेध

लिनक्स, मॅक किंवा विंडोज यांपैकी कोणतीही प्रणाली चालणाऱ्या संगणकावर, चित्रे, खिडक्या आणि माऊसचा बाण यांच्या गर्दीत, आजही एक साधी चौकट उघडता येते, जिच्यात माणूस एका ओळीत कमांड टंकतो आणि संगणक त्याखालच्या ओळींत उत्तर देतो. या चौकटीला व्यवहारात ‘टर्मिनल’ म्हणतात. पण काटेकोरपणे पाहता ती टर्मिनल नव्हे, तर टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे एकेकाळी टेबलावर स्वतंत्रपणे उभ्या असलेल्या टर्मिनल नावाच्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली होय. ते यंत्र आता जवळजवळ नाहीसे झाले आहे, मात्र त्याच्या मर्यादा त्याच्या नकलेत तशाच उतरल्या असून, त्यांचा सर्वाधिक उपद्रव ज्या लिप्यांना झाला त्यांत देवनागरी आहे. जळगाव आणि धुळे या, १९०६ साली पूर्व आणि पश्चिम खानदेश म्हणून वेगळ्या झालेल्या, दोन जिल्ह्यांच्या अनुषंगाने हा इतिहास पाहण्याचे कारण असे की, रेल्वे, जिल्हाधिकारी कार्यालय, बँक आणि अभियांत्रिकी महाविद्यालय या ज्या चार दारांतून टर्मिनल महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत शिरले ती चारही दारे येथे होती, आणि या दोन जिल्ह्यांतील गावांची नावेच टर्मिनलच्या चौकटीत मराठीचे काय होते हे दाखवायला पुरेशी आहेत.

टर्मिनलचा मूळ पुरुष तारयंत्रात सापडतो. १८७० साली मुंबई-कोलकाता लोहमार्ग सलग सुरू झाला, त्या मार्गावर भुसावळ हे मोठे जंक्शन उभे राहिले, आणि रुळांच्या कडेने धावणाऱ्या तारांतून गाड्यांच्या हालचालींचे संदेश ठिपके-रेघांच्या भाषेत जाऊ-येऊ लागले. विसाव्या शतकात तारबाबूच्या कानाची आणि बोटांची जागा टेलिप्रिंटरने घेतली. टेलिप्रिंटर म्हणजे टंकलेखन यंत्र आणि तार यांचा संयोग: एका टोकाला कळ दाबली की दुसऱ्या टोकाला कागदावर अक्षर उमटते. भारतात १९६० साली मद्रास येथे हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीच्या सहकार्याने ही यंत्रे देशातच बनू लागली.

अमेरिकेत टेलिटाइप कंपनीने १९६३ साली ‘मॉडेल ३३’ नावाचा टेलिप्रिंटर बाजारात आणला, त्याच वर्षी आस्की ही अक्षरांना क्रमांक देणारी अमेरिकन संकेतप्रणाली प्रमाण ठरली, आणि स्वस्त व सर्वत्र मिळणारे हे यंत्र संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणून वापरले जाऊ लागले. ते सेकंदाला दहा अक्षरे छापी, एका ओळीत बहात्तर अक्षरे मावत, आणि इंग्रजीची केवळ मोठी लिपी त्याला ठाऊक होती. बेल प्रयोगशाळेत १९६९ नंतर केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेली युनिक्स प्रणाली अशाच यंत्रांच्या सोबतीने वाढली. म्हणूनच युनिक्स व लिनक्समध्ये टर्मिनलचे अधिकृत नाव आजही ‘टीटीवाय’, म्हणजे टेलिटाइपचे लघुरूप, हेच आहे. जळगाव जिल्ह्यातील फैजपूरच्या किंवा बांभोरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी जेव्हा ‘टीटीवाय’ ही तीन अक्षरांची कमांड देऊन आपण कोणत्या टर्मिनलवर आहोत हे विचारतो, तेव्हा त्या नावामागचा टेलिप्रिंटर केव्हाच अस्तंगत झालेला असतो.

कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली तेव्हा टर्मिनलला ज्या स्वरूपात आपण ओळखतो ते स्वरूप आले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट १९७८ मध्ये आणलेले ‘व्हीटी १००’ हे त्यातील सर्वांत प्रभावी यंत्र. त्याच्या पडद्यावर चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी रकाने होते. ऐंशी हा आकडा आयबीएमने १९२८ साली ठरवलेल्या छिद्रपत्राच्या, म्हणजे माहिती छिद्रांच्या रूपाने नोंदवण्याच्या जाड कागदी पत्राच्या, ऐंशी स्तंभांवरून चालत आला होता. पडद्यावर अक्षर कोठे उमटावे, पडदा कधी पुसावा, कोणता मजकूर ठळक करावा हे सांगण्यासाठी संगणक साध्या अक्षरांच्या ओघातच विशिष्ट संकेत मिसळी. एस्केप नावाचा सत्ताविसावा आस्की संकेत, त्यापाठोपाठ डावा चौकोनी कंस, मग २ हा अंक आणि शेवटी इंग्रजी मोठे जे, एवढे आले की पडदा कोरा होई. असे संकेत १९७६ साली युरोपात आणि १९७९ साली अमेरिकेत प्रमाणित झाले आणि व्हीटी १०० ने ते जगभर नेले. आज लिनक्सच्या चौकटीत चुकीची ओळ लाल रंगात दिसते ती याच संकेतकुळामुळे.

या यंत्राची रचना एका गृहीतकावर उभी होती: एक अक्षर म्हणजे एक संकेत, एक संकेत म्हणजे एक रकाना, आणि सर्व रकाने सारख्या रुंदीचे. रोमन लिपीला हे गृहीतक जाचत नाही, कारण टंकलेखन यंत्राने तिला शतकभर आधीच त्या शिस्तीत बसवले होते. देवनागरीचा पिंड वेगळा आहे. तिच्यात मात्रा वर, खाली, मागे आणि पुढे लागतात, व्यंजने जोडली की त्यांचा आकार बदलतो, र कधी रफार होऊन डोक्यावर बसतो तर कधी पायाशी जातो, आणि शिरोरेषा शब्दाला एकसंध बांधून ठेवते. या लिपीला रकान्यांत बसवायचे, की रकान्यांनाच तिच्या स्वभावाप्रमाणे लवचीक करायचे, हा प्रश्न भारतात १९८० च्या दशकातच समोर आला होता, आणि त्याचे एक समर्थ उत्तर पुण्यात तयारही झाले होते. ते उत्तर पुढे मुख्य प्रवाहातून गळाले, ही या इतिहासातील सर्वांत मोठी हानी आहे.

आयबीएम १९७८ साली भारतातून बाहेर पडल्यानंतर देशी कंपन्यांना जागा मिळाली, आणि १९८४ साली सी. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडल्यानंतर बँकांनी युनिक्सवर चालणाऱ्या लघुसंगणकांना पसंती दिली. लघुसंगणकाची मांडणी अशी की, बुद्धी असलेले यंत्र एकच, आणि त्याला लांब केबलींनी जोडलेली अनेक टर्मिनले, ज्यांना स्वतःची बुद्धी नसल्याने ‘डंब टर्मिनल’ म्हणत. महागड्या संगणकाचा खर्च आठ-दहा माणसांत वाटला जाण्याची ही सोय तालुक्याच्या गावातील शाखांनाही परवडण्यासारखी होती. याच सुमारास रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५ साली नवी दिल्लीत सुरू झाले, १९८६ साली रेल्वेची स्वतःची माहिती प्रणाली संस्था, क्रिस, स्थापन झाली, आणि डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स संगणकांवर उभारलेली ही व्यवस्था क्रमाक्रमाने देशभरच्या स्थानकांपर्यंत पोहोचली. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या स्थानकांवरचा प्रवासी आपले नाव, वय आणि गाडीचा क्रमांक अर्जावर मराठीत लिहू शके, पण आरक्षण खिडकीपलीकडचा लिपिक ते नाव आपल्या मनाने रोमन अक्षरांत बसवून टंके, कारण समोरच्या टर्मिनलला दुसरी लिपी येत नव्हती. खानदेशातील आडनावांची जी नाना रोमन रूपे जुन्या तिकिटांवर आढळतात, त्यांना हा पडदा बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

जिल्हाधिकारी कार्यालयाचे दार राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उघडले. १९७६ साली स्थापन झालेल्या या केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकनेट हे उपग्रहाधारित जाळे उभारून देशातील जिल्ह्यांची मुख्यालये जोडली. महाविद्यालयांचे दार राज्याच्या धोरणाने उघडले: वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी जळगावजवळ गिरणाकाठी बांभोरी येथे, फैजपूरला आणि धुळ्यात अशी महाविद्यालये सुरू झाली. तेव्हा ती पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. शेतकऱ्यांची मुले प्रथमच मोठ्या संख्येने संगणकाच्या पडद्यासमोर बसली ती या महाविद्यालयांत, आणि १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन जिथे भरले त्या फैजपुरात कमांडची ओळ शिकवली जाऊ लागली, याचे महत्त्व शिक्षणाच्या इतिहासकारांनी अद्याप पुरेसे ओळखलेले नाही.

आता पुण्यातील त्या उत्तराकडे वळले पाहिजे. आयआयटी कानपूर येथे १९७० च्या दशकापासून भारतीय लिप्यांच्या संगणकीय मांडणीवर संशोधन चालू होते, आणि १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक झाले. या कामात प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्यासोबत असलेले मोहन तांबे यांनी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. मार्च १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापन झाले तेव्हा हे तंत्र तेथे आले आणि दोन रूपांत बाजारात उतरले. पहिले रूप जिस्ट कार्डाचे: वैयक्तिक संगणकाच्या खाचेत बसवायची एक पाटी, जी बसवली की डीबेस, लोटस किंवा वर्डस्टार यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतही मराठी टंकता व वाचता येई. दुसरे रूप जिस्ट टर्मिनलचे: युनिक्स संगणकाला नेहमीच्या केबलीने जोडायचे टर्मिनल, पण अनेक भारतीय लिप्या जाणणारे.

दोन्ही रूपांमागचा विचार एकच होता आणि तो अत्यंत समंजस होता. अक्षरांचे संकेत साठवायचे ते केवळ उच्चारक्रमाने, म्हणजे व्यंजन, हलन्त, व्यंजन, मात्रा अशा ओळीने, प्रत्येकी एक बाइट या हिशेबाने. त्यांतून जोडाक्षर घडवणे, वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे आणणे, रफार डोक्यावर चढवणे, ही सर्व कामे मात्र पडद्याच्या यंत्रणेने स्वतःच्या अंगावर घ्यायची. संगणकावरील आज्ञावलीला बाइटची माळ तेवढी दिसे. ही संकेतप्रणाली इस्की या नावाने १९८८ साली तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केली. तिच्यासोबतचा इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ सालचा असून तो आजही प्रमाण आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातील देवनागरीचा क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला होता. देवनागरी कशी साठवावी याचे भारतीय उत्तर जगाने अशा रीतीने स्वीकारले. ती टर्मिनलवर कशी दाखवावी याचे उत्तर मात्र कार्डात आणि टर्मिनलच्या पेटीतच अडकून राहिले.

त्याचे कारण खुद्द यंत्रांच्या बदलत्या काळात आहे. एमआयटी या अमेरिकन संस्थेत १९८४ साली रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो प्रणालीचे काम सुरू केले, जिच्यामुळे युनिक्सच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक खिडक्या उघडता येऊ लागल्या, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, जी पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकली. पण युनिक्सच्या बहुतेक आज्ञावल्या टर्मिनलसाठी लिहिलेल्या होत्या, तेव्हा नव्या खिडक्यांत जुनी कामे चालवायची तर एका खिडकीने टर्मिनलचे सोंग घेणे भाग होते. १९८४ च्या उन्हाळ्यात मार्क व्हांडेव्हूर्ड या विद्यार्थ्याने व्हॅक्सस्टेशन १०० या यंत्रासाठी असे सोंग लिहिले. लवकरच ते एक्स प्रणालीत आणले गेले आणि ‘एक्स-टर्म’ या नावाने प्रसिद्ध झाले. व्हीटी १०० च्या कुळातील व्हीटी १०२ या यंत्राची ही नक्कल होती. १९९६ पासून थॉमस डिकी तिची निगा राखत आहेत.

ही नक्कल चालते कशी हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. युनिक्सच्या गाभ्यात ‘सूडो-टर्मिनल’ नावाची एक जोडनळी असते, जिचे एक टोक एक्स-टर्मसारख्या खिडकीच्या हाती आणि दुसरे टोक कमांड चालवणाऱ्या आज्ञावलीच्या हाती असते. आज्ञावलीला वाटते की आपण केबलीने जोडलेल्या खऱ्या टर्मिनलशी बोलत आहोत. खिडकी त्या नळीतून येणारी अक्षरे आणि एस्केप-संकेत वाचून आपल्या रकान्यांत त्याप्रमाणे चित्र रेखाटते आणि दाबलेल्या कळा उलट पाठवते. सोंग इतके चोख वठते की १९८० साली लिहिलेली आज्ञावलीही आजच्या खिडकीत बिनतक्रार चालते. परंतु सोंग चोख असल्यामुळेच सारख्या रुंदीच्या रकान्यांचा नियमही त्यात जसाच्या तसा आला. खिडकी आता चित्रे काढू शकत होती, तिला हव्या त्या आकाराचे अक्षर दाखवता येत होते, तरीही तिने काचेच्या जुन्या पडद्यासारखेच वागायचे ठरवले होते.

१९९० च्या दशकात लिनक्सने हे सारे सामान्य माणसाच्या संगणकावर आणले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले असले, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी त्यावरून एवढी मोठी प्रणाली उतरवून घेणे दुरापास्त होते. अशा काळात १९९६ पासून पीसी क्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी देण्याची प्रथा पाडली, आणि टपालाने जेथे जेथे मासिक जाई तेथे तेथे लिनक्स गेले. १९९६ साली सुरू झालेल्या केडीई प्रकल्पाने कन्सोल आणि १९९७ साली सुरू झालेल्या ग्नोम प्रकल्पाने ग्नोम टर्मिनल ही नव्या पिढीची एम्युलेटरे दिली. ग्नोम टर्मिनलचा गाभा, व्हीटीई, २००२ च्या सुमारास तयार झाला. विंडोज वापरणाऱ्या कार्यालयांना सायमन टॅथम यांनी १९९९ साली प्रसृत केलेली ‘पुट्टी’ मिळाली, आणि ज्या टेबलावर डंब टर्मिनल होते त्या टेबलावर संगणक आला व डंब टर्मिनल त्यातील एका खिडकीत गेले.

ज्या घडीला खरे टर्मिनल टेबलावरून उतरले, त्याच घडीला जिस्ट टर्मिनलचीही गरज संपली. कार्डासाठी खाच लागे, प्रत्येक यंत्रासाठी वेगळा खर्च लागे, आणि तंत्राची किल्ली एका संस्थेकडे होती. म्हणून ते मागे पडणे अटळ होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच्या पोटातील विचार नव्या खिडक्यांत कोणी वेळीच ओतला नाही. लिनक्सच्या चित्रविरहित पडद्यावर तर एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृतींचा संच मावे आणि जोडाक्षरे घडवण्याची कोणतीही सोय नव्हती, तेव्हा देवनागरीची सारी आशा एम्युलेटरांवरच होती. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने २००२ च्या सुमारास ‘इंडिक्स’ या प्रकल्पात एक्स प्रणालीच्याच मुळाशी देवनागरीची जुळणी घालण्याचा प्रयत्न केला, म्हणजे वरच्या आज्ञावल्या न बदलता त्यांना भारतीय लिप्या याव्यात. हा प्रयत्न जिस्टच्या विचाराच्या सर्वांत जवळ जाणारा होता. लवकरच ते केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले, आणि जगभरच्या एक्स प्रणालीत ही जुळणी रुजली नाही.

दरम्यान मराठीचे बाकीचे काम झपाट्याने पुढे गेले. २००० साली सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतील लिनक्सची चळवळ उभी केली, २००४ पासून रेड हॅट कंपनीने लोहित हे मुक्त परवान्याचे टंक उपलब्ध करून दिले, आणि ग्नोमचे मेनू मराठीत आले. ‘अॅ’ या मराठीच्या खास स्वराला २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र क्रमांक मिळाला. यातून एक चमत्कारिक दृश्य निर्माण झाले: ग्नोम टर्मिनलच्या खिडकीवरचा मेनू शुद्ध, सुघड मराठीत दिसे, कारण तो काढणारी यंत्रणा जोडाक्षरे जाणत होती, आणि त्याच खिडकीच्या आत, मेनूखाली दोन बोटांवर, तीच मराठी मोडकी दिसे, कारण तेथे एक संकेत, एक रकाना हा १९७८ चा नियम राज्य करत होता.

या दोन जिल्ह्यांतील तालुक्यांची नावे घेऊन हे जवळून पाहता येते. ‘धुळे’ या शब्दात चार संकेत आहेत: ध, उकार, ळ आणि एकमात्रा. उकार आणि एकमात्रा यांची रुंदी प्रचलित नियमाप्रमाणे शून्य धरली जाते, तेव्हा शब्दाला दोन रकाने मिळतात आणि तो बहुतांशी नीट दिसतो. ‘जळगाव’ मधील काना मात्र स्वतंत्र रकाना घेतो, म्हणून पाच संकेतांना पाच रकाने होतात. अक्षर रकान्यापेक्षा अरुंद असले की शिरोरेषेत फट पडते. ‘शिंदखेडा’ या नावात गोंधळ सुरू होतो. साठवणीच्या क्रमात श आधी आणि वेलांटी नंतर असते, दिसण्याच्या क्रमात मात्र वेलांटी अलीकडे यावी लागते. एम्युलेटरने क्रमाची अदलाबदल केली नाही तर वेलांटी दुसऱ्या रकान्यात श च्या पलीकडे पडते, तिची कमान पुढच्या द वर झुकते, आणि वाचणाऱ्याला ‘शदिंखेडा’ असे काहीतरी दिसते. ‘साक्री’ या नावाचे सहा संकेत असून हलन्त वगळता प्रत्येकाला एक याप्रमाणे पाच रकाने राखले जातात, पण क आणि र मिळून एकच आकृती होते, त्यामुळे अक्षरे नीट जोडली तर एक रकाना रिकामा राहतो आणि जोडली नाहीत तर नावच तुटते.

रिकामा रकाना ही किरकोळ बाब वाटेल, पण खरे दुखणे तेथेच आहे. ओळीची लांबी दोघे मोजत असतात: एकीकडे कमांड चालवणारी आज्ञावली आणि दुसरीकडे खिडकी. दोघांचे मोजमाप जुळले नाही, तर कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्या जागी खोडले जाते, तक्त्याचे स्तंभ वाकडे होतात, आणि मराठी नावाची फाइल दुरुस्त करायला गेलेला माणूस नको ते अक्षर पुसून बसतो. व्हीटी १०० च्या काळात रुंदीबद्दल मतभेद होण्याचा संभवच नसल्याने, ‘हा शब्द तुझ्याकडे किती रकान्यांचा?’ असे आज्ञावलीने खिडकीला लिहिण्याआधी विचारावे यासाठी संकेतच ठेवलेला नव्हता. चिनी आणि जपानी लिप्यांची अडचण प्रत्येक अक्षराला दोन रकाने देऊन सुटली, आणि त्यांच्या विकासकांनी तो नियम सर्वत्र मान्यही करून घेतला. जपानमध्ये तयार झालेल्या ‘एमएल-टर्म’ या एम्युलेटराने भारतीय लिप्यांचीही दखल घेतली, हे त्याचे मोठेपण; पण नेहमीच्या लिनक्स वितरणांत ते आपसूक मिळणारे टर्मिनल नव्हते, आणि ते मुद्दाम शोधून बसवणारे थोडे.

मराठी माणसांनी या दोषाविरुद्ध मोठा आवाज का उठवला नाही, याचेही उत्तर त्या काळात आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. त्याने लाखो लोकांना संगणक दिला, पण तो माऊसचा आणि विंडोजचा. कमांडची ओळ अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती राहिली, आणि त्यांचे शिक्षण इंग्रजीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने २००९ नंतर लिनक्सच्या मूलभूत कमांडचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले. उबंटू लिनक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी या कळा एकत्र दाबून टर्मिनल उघडावे, हे घरच्या भाषेत ऐकता येणे ही खानदेशातील विद्यार्थ्यासाठी मोलाची गोष्ट होती. तरीही उघडलेल्या चौकटीत टंकायचे ते रोमनच, हा संस्कार त्याने बदलला नाही, आणि तो बदलणे हा त्याचा हेतूही नव्हता.

अलीकडे मात्र गोष्टी हलू लागल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षराला एकसंध घटक मानण्याचा नियम केला. त्यापूर्वी ‘साक्री’ चे सा, क् आणि री असे तीन तुकडे होत, आता सा आणि क्री असे दोनच होतात, जसे बाराखडी शिकलेले कोणतेही मूल करील. त्याच वर्षी टर्मिनलमध्ये अशा लिप्यांना न्याय कसा द्यावा यावरचा एक प्रस्ताव युनिकोडच्या तांत्रिक समितीपुढे मांडला गेला, आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज टर्मिनलने २०२४ सालच्या पूर्वआवृत्तीत रकान्यांचा हिशेब संकेतांऐवजी अशा एकसंध घटकांवर करण्यास आरंभ केला. रुंदी कोणी ठरवायची याबद्दल सर्व एम्युलेटरांत अद्याप एकवाक्यता नाही.

देवनागरीपुरताच हा प्रश्न नाही. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या संग्रहातील मोडी कागदपत्रे जपलेली आहेत, आणि मोडी लिपीला जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत स्थान मिळाले आहे. म्हणजे त्या कागदांचे लिप्यंतर न करता मूळ लिपीतच संगणकीय सूची करणे आता तत्त्वतः शक्य आहे. यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीचा एक संकेत तीन बाइटचा, तर मोडीचा चार बाइटचा. अशा मोठ्या सूच्या चाळणे, गाळणे आणि लावणे ही कामे टर्मिनलवर जितक्या झपाट्याने होतात तितकी कोणत्याही चित्रमय आज्ञावलीत होत नाहीत, आणि म्हणूनच तेथे लिपी नीट दिसणे हा संशोधकाच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे.

एक्स-टर्म, कन्सोल, व्हीटीई आणि एमएल-टर्म या चारही आज्ञावल्यांचा स्रोत खुला आहे. कोणालाही तो वाचता, बदलता आणि सुधारणा म्हणून परत पाठवता येतो. जळगाव जिल्ह्याचे पंधरा आणि धुळ्याचे चार, अशा एकोणीस तालुक्यांची नावे एका फाइलीत लिहून ती प्रत्येक एम्युलेटरात उघडली, तर वेलांटी, जोडाक्षर, अनुस्वार आणि काना यांचे बहुतेक दोष अर्ध्या तासात समोर येतात. बांभोरी, फैजपूर, भुसावळ, शिरपूर आणि धुळे येथील महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या यादीत हा विषय घालावा, आणि विद्यार्थ्यांनी सापडलेला दोष नुसता नोंदवून न थांबता त्याची दुरुस्ती संबंधित प्रकल्पाकडे पाठवावी. जिस्टने हे काम १९८८ साली पुण्यात करून दाखवले होते, तेव्हा ते होण्यासारखे आहे याबद्दल शंका उरत नाही.